सुपरमॅनचा नाडा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना सुरूरला वळलं की पुढे वाई. या गावाचं एक बरं आहे. हिंदी सिनेमात त्याला कायम काम मिळतं, फक्त स्वतःचं नाही. 'गंगाजल'मध्ये (२००३) वाई बिहारमधलं तेजपूर झाली. 'स्वदेस'मध्ये (२००४) शेजारचं मेणवली उत्तर प्रदेशातलं चरणपूर झालं. 'दबंग'मध्ये (२०१०) परत उत्तर प्रदेश. इथले घाट इतक्या वेळा गंगेचे घाट झालेत की कृष्णामाईला एव्हाना थोडी भोजपुरी येत असेल :)

अशा मोठ्या शूटिंगचा दिवस साधारण ठरलेला असतो. पहाटे जनरेटरची गाडी येते. मग लाइटवाले, मग मेकअप, मग नाश्ता. हिरो व्हॅनिटीत, दिग्दर्शक मॉनिटरपुढे आणि गावातली शंभरएक माणसं 'पब्लिक' म्हणून उन्हात उभी. लांबून बघणाऱ्याला पहिल्या अर्ध्या तासात भारी वाटतं आणि नंतर कंटाळा येतो, कारण सेटवर बहुतेक वेळ बहुतेक माणसं काहीच करत नसतात. लाइट लागायची वाट, ढग सरकायची वाट, हिरोची वाट. पण त्या वाट बघण्याचेही पैसे लागलेले असतात. स्पॉटबॉयची शिफ्ट, जनरेटरचं भाडं, जेवणाची ताटं, सगळं कुणाच्या तरी एक्सेल शीटमध्ये नोंदलेलं असतं. प्रोजेक्टवर 'बेंच'वर बसलेल्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

तर प्रश्न असा की, ज्या सेटवर पैसेच नाहीत तिथे या वाट बघण्याचं बिल कोण भरतं?

या प्रश्नाचं सगळ्यात सविस्तर उत्तर आपल्याच राज्यात, नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात मिळतं. तिथे काही मित्रांनी घरचे पैसे घालून विनोदी सिनेमे काढले. आणि आपलं नशीब असं की त्यातल्या एका सिनेमाचं शूटिंग चालू असताना फैझा अहमद खान ही दिग्दर्शिका स्वतःचा कॅमेरा घेऊन त्यांच्या सोबत होती. तिचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) हा माहितीपट म्हणजे गरीब सेटच्या रोजच्या जगण्याचा दस्तऐवजच आहे. एरवी अशा सेटच्या फक्त आठवणी उरतात, आणि आठवणी सांगताना माणूस अडचणी गोड करून सांगतो.

आधी मालेगाव थोडं समजून घेऊ. मोसम नदीच्या काठचं हे गाव मागांचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर हिंदुस्थानातून विणकर इथे येऊन राहिले, पुढे हातमागाचे यंत्रमाग झाले. मी विट्याचा, त्यामुळे मागाची खटखट मला नवीन नाही. विटा, इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव ही एकाच आवाजाची गावं आहेत. बारा बारा तासांची पाळी आणि मजुरी कापडाच्या मापावर. माग थांबला की मजुरी थांबली. 'आज जरा अर्ध्या दिवसाची रजा टाकतो' हे वाक्य तिथे नसतं. रजा टाकता येते, पण ती स्वतःच्या खिशातून.

मालेगावात मागांना सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी नमाज, बाजार आणि सिनेमा. आठवडाभर कान किटलेला माणूस तीन तास अंधारात बसायला जातो. बाहेरच्या जगाला मालेगाव आधी दंगलींमुळे आणि मग २००६ आणि २००८च्या बॉम्बस्फोटांमुळे माहीत झालं. गावातल्या माणसाला मात्र विचाराल तर आमचं गाव सिनेमावेडं, असंच तो पहिल्यांदा सांगेल.

नासिर शेख या तरुणाचं तिथे व्हिडिओ पार्लर होतं. पायरसीच्या कारणावरून पोलिसांचा छापा पडला. धंदा बसल्यावर त्यानं साधा हिशेब केला. दुसऱ्याचा सिनेमा दाखवला तर गुन्हा, मग आपलाच काढू. लग्नाच्या शूटिंगचा अनुभव होता, कॅमेरा हाताळता येत होता. त्यातून २००० साली 'मालेगाव के शोले' झाला. खर्च पन्नास हजार रुपयांच्या आसपास. मूळ 'शोले'चा (१९७५) खर्च तीन कोटींच्या घरात होता. म्हणजे पंचवीस वर्षं उशिरा, महागाई धरलीच नाही तरी, सहाशेपट कमी पैशात तीच गोष्ट.

आता ही सहाशेपट काटकसर सेटवर दिसते कशी? मूळ 'शोले'तल्या रेल्वेवरच्या दरोड्याचं शूटिंग पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर जवळजवळ सात आठवडे चाललं होतं. मालेगावात रेल्वे परवडणार नव्हती, म्हणून बस आली. घोडे परवडणार नव्हते, म्हणून डाकू सायकलवर आले. कॅमेरा सरकत न्यायचा असेल तर रुळावरची ट्रॉली लागते. इथे कॅमेरावाला सायकलच्या कॅरिअरवर बसायचा आणि दुसरा ती ढकलायचा. कॅमेरा वर उचलायला क्रेन लागते. इथे बैलगाडी. मागच्या बाजूला माणसं लोंबकळली की पुढची बाजू वर जाते, आणि त्या टोकावर कॅमेरावाला.

संकलनाची तऱ्हा तर आमच्या लाइनच्या लोकांनी आवर्जून समजून घेण्यासारखी आहे. दोन व्हीसीआर जोडायचे. एकावर शूटिंगची कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर हवा तेवढाच तुकडा रेकॉर्ड करायचा. मग पुढचा तुकडा, मग त्याच्या पुढचा. यात 'अनडू' नाही. पहिल्या रिळात दहा सेकंद जास्तीचे राहिले असं शेवटी लक्षात आलं, तर तिथपासून पुढचं सगळं पुन्हा. किंवा तयार कॅसेटचीच कॉपी काढायची, आणि कॉपीची कॉपी काढली की चित्र आणखी पुसट होतं. म्हणजे सेटवर शॉट घेतानाच डोक्यात संकलन झालेलं पाहिजे. कमी पैशाच्या सिनेमावाल्याला शिस्त नसते असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा हा प्रकार करून बघावा.

सिनेमा मालेगावातच दोन महिने चालला.

माहितीपटात दिसतो तो नंतरचा, 'मालेगाव का सुपरमॅन'. सुपरमॅन म्हणजे शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा काटकुळा तरुण. निळा अंगरखा, लाल चड्डी आणि त्या चड्डीचा बाहेर लोंबणारा नाडा. खलनायकाला घाण आवडते, धूर आवडतो, आणि गावच्या धुळीनं सुपरमॅनलाच दम लागतो! खलनायक झालेला अक्रम खान एरवी संकलनही करायचा. लेखक फारोग जाफरी. इथे एक माणूस एक काम असं नसतंच. ज्याचा शॉट नाही तो गर्दी आवरतो, कापड धरतो, चहा आणतो. मोठ्या सेटवर जे दीडशे लोकांचं युनिट असतं ते इथे दहा-बारा जणांत बसवलेलं.

उडण्याचे शॉट घ्यायला नासिरनं क्रोमा वापरायचं ठरवलं. तत्त्व सोपं आहे. हिरव्या पडद्यापुढे माणसाचं चित्रण करायचं, कॉम्प्युटरवर तो हिरवा रंग काढून टाकायचा आणि मागे आकाश भरायचं. अडचण अशी की हिरवा सगळीकडे सारखाच पाहिजे. स्टुडिओत त्यासाठी पडद्यावर वेगळे लाइट असतात. उघड्यावर वारा येतो, कापडाला चुण्या पडतात, चुणीत सावली पडते आणि एका हिरव्याचे दहा हिरवे होतात. म्हणून कापडाची टोकं ताणून धरायला माणसं लागतात. सुपरमॅन पोटावर पालथा, हात पुढे केलेले, मागे कापड धरून उभे असलेले दोस्त, आणि सगळ्यांचं लक्ष वाऱ्याकडे. वाईतला हिरो व्हॅनिटीत बसून वाट बघतो. हा इथे पालथा पडून बघतो, एवढाच फरक. आणि त्या दिवशी त्याचा माग बंद आहे.

माझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं मिळालं. गरीब सेटवरचं वाट बघण्याचं बिल ज्याचा वेळ सगळ्यात स्वस्त धरला जातो तोच भरतो. शफीकचा एक दिवस कुणाच्याच बजेटमध्ये नव्हता, पण त्याच्या घरच्या बजेटमधून तो गेलाच. शूटिंग चालू असताना मध्येच त्याचं लग्न झालं, तेव्हा सुपरमॅनचं उडणं थांबवावं लागलं. एकदा तर चित्रण करता करता कॅमेराच पाण्यात पडला. एकुलता एक कॅमेरा. मोठ्या युनिटमध्ये विम्याचा फॉर्म भरतात आणि दुसरा कॅमेरा मागवतात. इथे तो दुरुस्त होऊन येईपर्यंत सगळा सिनेमाच थांबला.

नायिकेचं दुखणं वेगळंच. गावातल्या मुली पडद्यावर यायला तयार नाहीत, घरचे पाठवणार नाहीत. मग नायिका बाहेरगावाहून पैसे देऊन आणायची आणि ती आहे तेवढ्या वेळात तिचे सगळे शॉट उरकायचे. फाळक्यांना १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' करताना हीच अडचण आली होती, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंखे तारामती झाले. जवळपास शंभर वर्षांनी मालेगावात तोच पेच होता.

आता सिनेमा काढायचाच तर विनोदीच का? हौस म्हणून, लोकांना आवडतं म्हणून, ही उत्तरं बरोबरच आहेत. पण मला वाटतं खरं उत्तर शोधायला थोडं मागे, आमच्या सांगलीपर्यंत जावं लागतं.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर'चा प्रयोग केला. ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो तो त्याचाच. त्या वेळी पाठीशी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन होते, म्हणजे आजच्या भाषेत फंडिंग होतं. १८५१ साली चिंतामणराव गेले आणि दरबारचा आश्रय संपला. मग भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं, १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ करावे लागले. हौशी दरबारी कलेची स्वतःच्या पायावर उभी राहिलेली कंपनी झाली ती अशी, पैसे बंद झाल्यामुळे.

त्या खेळांची रचना बघण्यासारखी आहे. लिहिलेले संवाद नसायचे. पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं प्रसंग ओळखून आपापली भाषणं तिथल्या तिथे करायची. राक्षसांचा आरडाओरडा ठरलेला, त्यावरून त्या नाटकांना 'अललडुर्र' असं नावच पडलं. आणि विदूषक असायचाच. आता असा विचार करा. फिरती कंपनी आहे, सामान थोडं, बायकांची कामं पुरुष करतायत, संवाद पाठ नाहीत. कुणी अडखळणार, कुणाचा मुकुट घसरणार, सीतेला दाढीची खुंटं दिसणार. सीता दाढीवाली दिसली तर स्वयंवराचा विचका होतो. पण विदूषक त्यावर एक वाक्य बोलला की तोच विचका खेळाचा भाग होतो. पेक्षक... माफ करा, प्रेक्षक हसतात आणि खेळ पुढे सरकतो.

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे, हा बग नाही, फीचर आहे. रिलीजच्या आदल्या रात्री आपण तो हसत हसत आणि थोडं घाबरत मारतो. विनोदी खेळात मात्र ते अक्षरशः खरं असतं. ऐतिहासिक सिनेमात सरदाराच्या मनगटावर घड्याळ दिसलं तर सिनेमा मेला. शोकांतिकेत नायिकेवर माइकची सावली पडली तर रडू थांबतं. पण सायकलवरून आलेला डाकू? तो आला की पडदा उजळतो. घोडा नाही ही अडचण लपवायची गरजच उरत नाही, ती दाखवायची गोष्ट होते. सुपरमॅनचा नाडा लोंबतोय हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. तो खोचला असता तर एक स्वस्तातला सुपरमॅन उरला असता. लोंबत ठेवला म्हणून तो मालेगावचा झाला.

म्हणजे विनोद हा गरीब सेटचा सगळ्यात मोठा आधार. चूक पोटात घालणारा दुसरा प्रकार नाही. भाव्यांच्या कंपनीत ते काम विदूषक करायचा, मालेगावात ते अख्ख्या सिनेमानं केलं. खरं तर मालेगाव त्यापुढे गेलं. अमेरिकेतला सुपरमॅन किंवा रामगढचे ठाकूर यांची टिंगल तोंडी लावण्यापुरती होती. खरं हसू होतं ते गावच्या धुळीवर, गटारांवर आणि स्वतःच्या खिशावर. ज्या गावाकडे बाहेरचे फक्त भीतीनं नाहीतर कीवेनं बघत होते, ते गाव शुक्रवारी पडद्यावर स्वतःला ओळखून हसत होतं.

पण इथेच थांबलो तर मी पण त्या फॉरवर्ड करणाऱ्यांतला एक होईन. आपण शहरातली मंडळी असे व्हिडिओ बघतो, 'काय जुगाड आहे यार!' म्हणतो आणि मित्रांना पाठवतो. त्या 'जुगाड' शब्दात एक सोय असते. बैलगाडीची क्रेन बघून कौतुक केलं की क्रेनचं भाडं का नव्हतं हा प्रश्न विचारायला नको. माहितीपटातला फारोग जाफरी मात्र तो प्रश्न विसरू देत नाही. मुंबई तिथून एका रात्रीच्या एसटीवर, पण लेखक म्हणून तिथे पोहोचणं त्याला जन्मभराच्या अंतरावर वाटतं. त्याला कुणाचा लाडका जुगाडू व्हायचं नव्हतं, लेखक व्हायचं होतं. घोडे मिळाले असते तर नासिरनंही आनंदानं घेतले असते.

आणि विनोदाची पोच कुठे संपते तेही दिसतं. घसरलेला विग, सायकल, नाडा एवढं तो पोटात घालतो. बुडालेली मजुरी त्याला पोटात घालता येत नाही. आजारपण तर नाहीच. 'सुपरमेन ऑफ मालेगाव' २९ जून २०१२ ला थिएटरात लागला तेव्हा शफीक हयात नव्हता. कर्करोगानं तो गेला होता. मुंबई-पुण्यातले लोक मल्टिप्लेक्समध्ये तिकीट काढून त्याला उडताना बघत होते, टाळ्या वाजवत होते आणि त्यातलं काही त्याच्यापर्यंत पोहोचणार नव्हतं.

पुढे या सगळ्यावर हिंदीत मोठा सिनेमा झाला. रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव', २८ फेब्रुवारी २०२५ ला प्रदर्शित झाला, वरुण ग्रोव्हरनं लिहिलेला. चांगला आहे, जरूर बघा. पण बघताना एक गंमत ध्यानात येते. सायकलवरची ट्रॉली दाखवायला आता खरी ट्रॉली असते आणि दोस्तांनी धरलेलं कापड दाखवायला लाइटमन असतात. गरिबी पडद्यावर नीट दिसावी म्हणूनही बजेट लागतं. मला यात काही चूक वाटत नाही. उलट त्या सेटवर वाट बघणाऱ्याला त्या दिवसाचे पैसे मिळाले असतील, ही मला त्या सिनेमाची चांगली बाजू वाटते.

दरम्यान कॅमेरा स्वस्त झाला. मालेगावचेच खानदेशी विनोदी व्हिडिओ यूट्यूबवर धो धो चालले. इकडे सातारा जिल्ह्यातल्या खेड्यांत 'कोरी पाटी'नं 'गावाकडच्या गोष्टी' ही वेबमालिका केली आणि तिथे आमच्याकडची गावं बिहार-यूपी न होता स्वतःच्या बोलीत स्वतःचं काम करताना दिसली. कॅमेरा पाण्यात पडला तर आता दुसऱ्याचा मोबाइल असतो. चुकलं तर 'अनडू' असतं. व्हीसीआर भंगारात गेले.

एकच खर्च तंत्रज्ञानानं कमी केलेला नाही, तो म्हणजे कापडाचं टोक धरून उभ्या असलेल्या दोस्ताचा दिवस. पुढच्या वेळी असा एखादा व्हिडिओ आवडला, तर फॉरवर्ड करायच्या आधी शेवटी येणारी नावं तेवढी पूर्ण वाचा. आणि ओळखीतल्या कुणी शॉर्ट फिल्मसाठी 'शनिवार-रविवार जरा मदतीला ये' म्हणून एखाद्या रोजंदारीवरच्या पोराला बोलावलं असेल, तर बिर्याणीबरोबर त्याच्या दोन दिवसांची मजुरीही बजेटमध्ये धरायला सांगा. तेवढी एक ओळ एक्सेलमध्ये सहज बसते.

असो. शनिवार संपत आला. माहितीपट मिळाला तर आधी तो बघा, मग मोठा सिनेमा. क्रम उलटा करू नका.